लंडन स्वतःचं स्वतः: व्हिसापासून टिळकांच्या घरापर्यंत

पहिल्यांदा युरोपात जाणाऱ्या मराठी माणसाला टूर कंपनीशिवाय फिरायचं असेल, तर मी डोळे झाकून लंडनचं नाव सुचवते. भाषा ओळखीची आहे, गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने धावतात, शाकाहारी जेवण कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतं आणि शहराची वाहतूक एकाच संस्थेच्या हाती आहे: ट्रान्सपोर्ट फॉर लंडन, म्हणजे टीएफएल. पैसे आणि पाय वाचवायचे असतील, तर दोनच गोष्टी पक्क्या करा. प्रत्येकाजवळ स्वतःचं कार्ड हवं आणि दिवसाला शहराची एकच बाजू धरायची. बाकीचा तपशील या दोन गोष्टींना धरूनच येतो.

निघण्यापूर्वी

शेंगेन व्हिसा लंडनला चालत नाही. ब्रिटनचा ‘स्टँडर्ड व्हिजिटर’ व्हिसा वेगळा घ्यावा लागतो आणि त्यावर एका वेळी सहा महिन्यांपर्यंत राहता येतं. अर्ज ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर भरायचा, फी तिथेच ऑनलाइन भरायची आणि मग बोटांचे ठसे द्यायला व्हिसा केंद्रात जायचं. प्रवासाच्या तारखेआधी जास्तीत जास्त तीन महिने अर्ज करता येतो. निर्णय साधारण तीन आठवड्यांत येतो, पण मे-जूनच्या गर्दीत याहून जास्त दिवस हाताशी ठेवा.

कागदपत्रांत खरा भर पैशांच्या सरळ हिशोबावर असतो. खात्यात अर्जाच्या आठवडाभर आधी अचानक मोठी रक्कम आली असेल, तर ती कुठून आली याचा कागद जोडा. पगाराच्या स्लिपा, रजेचं पत्र, परत येण्याची कारणं दाखवणारी घर-नोकरी-कुटुंबाची माहिती, एवढं नीट असलं की पुरतं. व्हिसा हातात येण्याआधी परत न मिळणारं विमानाचं तिकीट काढू नका. ब्रिटिश सरकारचाही तोच सल्ला आहे. पुढे पॅरिसला रेल्वेने जायचा विचार असेल, तर शेंगेन व्हिसाही वेळेत मागावा लागेल.

आता बॅगेबद्दल, कारण आपल्याकडे लंडनच्या नातेवाइकांसाठी काय काय पाठवतात ते मला माहीत आहे. भारतातून ब्रिटनमध्ये दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे साजूक तूप, पेढे, खव्याची बर्फी, श्रीखंड, सुका बोंबील घालून केलेली चटणी यातलं काहीही बॅगेत नको. (माशांचे नियम थोडे निराळे आहेत, पण विमानतळावर उभं राहून वाद घालण्याइतकं ते मोलाचं नाही.)  भाकरवडी, चकली, लोणचं, मेतकूट, गोडा मसाला आनंदाने न्या.

घरातल्या कपाटात कुणी जुन्या सफरीतले पौंड जपून ठेवले असतील, तर ते तपासून घ्या. कागदी नोटा बाद झाल्या आहेत. २० आणि ५० पौंडांच्या शेवटच्या कागदी नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर दुकानात चालत नाहीत. आता सगळ्या नोटा प्लॅस्टिकसारख्या पॉलिमरच्या आहेत. जुन्या नोटा बँक ऑफ इंग्लंड बदलून देते, पण तेवढ्यासाठी अर्धा दिवस घालवायचा का, ते तुम्ही ठरवा. चार्जरसाठी चौकोनी तीन पिनांचा अडॅप्टर लागतो. नळाचं पाणी बिनदिक्कत प्या आणि रिकामी बाटली बरोबर ठेवा.

कार्ड हेच तिकीट

लंडनच्या बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे घेत नाहीत. ट्यूबच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या, फाटकावर पिवळं गोल यंत्र असतं, त्यावर कार्ड टेकवायचं, फाटक उघडतं. बाहेर पडताना परत टेकवायचं. किती अंतर गेलात त्यावरून भाडं कापलं जातं. बसमध्ये मात्र चढतानाच एकदा टेकवायचं, उतरताना नाही.

हे कार्ड म्हणजे आपलं नेहमीचं डेबिट, क्रेडिट किंवा फॉरेक्स कार्ड. त्यावर लहरींचं चिन्ह हवं आणि ते व्हिसा, मास्टरकार्ड किंवा अमेरिकन एक्सप्रेसचं हवं. रुपे कार्डावर इथे विसंबू नका. भारतीय कार्डांवर परदेशी व्यवहार आणि टेकवून पैसे देण्याची सोय आपण चालू केल्याशिवाय सुरू होत नाही, कारण २०२० पासून रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये दोन्ही बटणं चालू करा आणि मर्यादा वाढवून घ्या. काही बँका प्रत्येक परदेशी व्यवहारावर वरचे पैसे लावतात, म्हणून पौंड भरलेलं फॉरेक्स कार्ड बरं पडतं. कार्ड चाललंच नाही तर स्टेशनवरच्या यंत्रातून ऑयस्टर, म्हणजे पैसे भरून वापरायचं टीएफएलचं कार्ड, घेता येतं. भाडं दोन्हींवर सारखंच आहे, फक्त ऑयस्टर विकत घ्यावं लागतं.

नवखे लोक नेमके इथे अडकतात, म्हणून जरा सविस्तर सांगते. नवरा-बायको दोघांनी एकच कार्ड एकामागून एक टेकवलं तर दुसऱ्यासाठी फाटक उघडत नाही. प्रत्येकाला वेगळं कार्ड लागतं. तेच कार्ड फोनमध्ये भरून सकाळी फोन आणि संध्याकाळी प्लॅस्टिकचं कार्ड टेकवलं, तर यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे प्रवासी होतात आणि दिवसाच्या भाड्याची कमाल मर्यादा दोघांवर वाटली जाते. जे सकाळी वापराल, तेच रात्रीपर्यंत वापरा.

ही दिवसाची मर्यादा फार कामाची आहे. कितीही फिरलात तरी एका रकमेनंतर त्या दिवसाचं भाडं कापणं थांबतं. २०२५ च्या दराने झोन १ आणि २ मध्ये, म्हणजे शहराच्या मधल्या भागात, ही रक्कम ८.९० पौंड होती. फक्त बसने फिरलं तर ५.२५. दर साधारण दरवर्षी मार्चमध्ये बदलतात, तेव्हा निघण्याआधी टीएफएलचा ताजा तक्ता बघा. आठवड्याचीही मर्यादा असते, पण तो आठवडा सोमवार ते रविवार मोजतात. गुरुवारी उतरून बुधवारी निघणाऱ्याला तिचा फायदा नाही. अशा वेळी ऑयस्टरवर सात दिवसांचं ट्रॅव्हलकार्ड, म्हणजे पास, कुठल्याही वारापासून घेता येतं. रोज भरपूर फिरणार असाल तर दोन्हींची बेरीज करून बघा.

बाहेर पडताना कार्ड टेकवायचं राहिलं तर यंत्र सर्वात जास्त भाडं कापतं. डीएलआर या हलक्या रेल्वेच्या बऱ्याच स्टेशनांवर फाटकच नाही, नुसता खांबावरचा रीडर असतो. गप्पा मारत जिन्याने उतरताना तो हमखास नजरेतून सुटतो.

मुलांचं सोपं आहे. ११ वर्षांखालील मुलं बसमध्ये फुकट आणि ट्यूबमध्ये तिकीट असलेल्या मोठ्या माणसाबरोबर चार जणांपर्यंत फुकट. त्यांना रुंद फाटकातून आपल्याबरोबर न्यायचं. ११ ते १५ वयाच्या मुलांसाठी ऑयस्टर घ्या आणि स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याला ‘यंग व्हिजिटर’ सवलत लावून द्यायला सांगा. चौदा दिवसांपर्यंत भाडं निम्मं होतं. ही सवलत आपोआप लागत नाही, मागावी लागते.

हीथ्रोहून शहरात

हीथ्रो विमानतळावर इमिग्रेशनला भारतीय पासपोर्टसाठी आपोआप उघडणारी ई-गेट नाहीत, रांग लावून अधिकाऱ्यासमोर उभं राहावं लागतं. राहण्याचा पत्ता आणि परतीचं तिकीट कागदावर हाताशी असू द्या. कुणाकडे, किती दिवस, काय काम करता, असे दोन-चार प्रश्न येतात. थोडक्यात खरी उत्तरं द्या.

शहरात जायला तीन गाड्या आहेत. पिकॅडिली लाइन सर्वात स्वस्त (२०२५ मध्ये मध्य लंडनपर्यंत ५.८० पौंड), पण तासाच्या आसपास लागतो आणि मोठ्या बॅगांना जागा कमी. एलिझाबेथ लाइन २०२२ मध्ये सुरू झाली. भाडं पिकॅडिलीच्या दुपटीहून जास्त, पण पॅडिंग्टनला अर्ध्या तासात, डबे प्रशस्त आणि सगळ्या स्टेशनांवर रस्त्यापासून फलाटापर्यंत पायरी न चढता जाता येतं. हीथ्रो एक्सप्रेस पंधरा मिनिटांत पॅडिंग्टनला पोचवते, पण पंचवीस पौंडांच्या घरात जाते आणि बहुतेकांना पॅडिंग्टनहून पुढे दुसरी गाडी धरावीच लागते. आई-वडील बरोबर असतील तर एलिझाबेथ, एकटे किंवा दोघं हलक्या बॅगेनिशी असाल तर पिकॅडिली, हे माझं मत. वाचलेल्या पंधरा मिनिटांसाठी एक्सप्रेसचे पैसे मोजावेत असं मला वाटत नाही.

यावरूनच राहण्याची जागा ठरवा. लोक हॉटेल आधी घेतात आणि मग स्टेशन शोधतात, उलटं करा. पिकॅडिली लाइनवर अर्ल्स कोर्ट, हॅमरस्मिथ आणि किंग्ज क्रॉस इथे लिफ्ट आहेत. रसेल स्क्वेअरला लिफ्ट असली तरी फलाटाजवळ पायऱ्या आहेत. थोडं लांब राहायला हरकत नसेल तर ईलिंग ब्रॉडवे उत्तम: एलिझाबेथ, सेंट्रल आणि डिस्ट्रिक्ट अशा तिन्ही लाइन तिथे येतात आणि साउथॉल तीन स्टेशनांवर. मुक्काम मोठा असेल आणि घरचं जेवण लागत असेल, तर साउथॉल, हॅरो, वेम्बलीचा ईलिंग रोड, हाउन्स्लो या भागांत डाळी-पिठांपासून वडापावापर्यंत सगळं मिळतं.

नकाशावर फार विश्वास ठेवू नका

जगातली पहिली भुयारी रेल्वे १० जानेवारी १८६३ रोजी पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन अशी लंडनला सुरू झाली. तिचा तो रंगीत नकाशा १९३३ मध्ये हॅरी बेक यांच्या आराखड्यावरून छापला गेला आणि त्यात अंतरं खरी नाहीत. लायनी समजाव्यात म्हणून सरळ रेघा ओढल्या आहेत. लेस्टर स्क्वेअर आणि कोव्हेंट गार्डन ही स्टेशनं नकाशावर इतर स्टेशनांइतकीच लांब दिसतात, प्रत्यक्षात अंतर जेमतेम अडीचशे मीटर. एवढ्यासाठी खाली उतरायचं, गाडीची वाट बघायची, पूर्ण भाडं द्यायचं आणि कोव्हेंट गार्डनला लिफ्टच्या रांगेत उभं राहायचं. लिफ्ट टाळली तर १९३ पायऱ्या. चालत गेलात तर पाच मिनिटांत पोचता.

म्हणून मध्य लंडनचा साधा नियम: दोन किलोमीटरच्या आत पायी, त्याहून थोडं जास्त असेल तर बस, शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचं असेल तरच ट्यूब. बसचं भाडं कितीही लांब जा, सारखंच (२०२५ मध्ये १.७५ पौंड), आणि पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून तासाभरात कितीही बस बदलल्या तरी तेवढंच. वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली तर वेगळ्या टूर बसची गरज नाही.

दोन नंबर लक्षात ठेवा. १५ नंबर टॉवर ऑफ लंडनजवळून सेंट पॉल्स, फ्लीट स्ट्रीट, स्ट्रँड अशी ट्रॅफल्गर स्क्वेअरला जाते. ९ नंबर ट्रॅफल्गर स्क्वेअरवरून पिकॅडिली, हाइड पार्क कॉर्नर करत रॉयल अल्बर्ट हॉलला जाते. तिथे उतरून एक्झिबिशन रोड चालत खाली आलं की सायन्स म्युझियम, नॅचरल हिस्ट्री आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट ही तिन्ही संग्रहालयं लागतात. तिन्हींना कायमच्या दालनांत प्रवेश फुकट. टिपू सुलतानाचा तो प्रसिद्ध लाकडी वाघ व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्येच आहे. ब्रिटिश म्युझियम आणि नॅशनल गॅलरीही फुकट. कोहिनूर बघायचा तर मात्र टॉवरचं तिकीट काढावं लागतं. सकाळी उघडताच सरळ मुकुटांच्या दालनात जा, बाकीचा किल्ला नंतर बघा.

बसस्टॉपवर मोठं अक्षर असतं. एकाच चौकात पाच-सहा स्टॉप असतात आणि ॲप सांगतं ‘स्टॉप एफ’. नंबर बरोबर पण स्टॉप चुकीचा असला की बस विरुद्ध दिशेला नेते. बस दिसली की हात दाखवा. टीएफएल गो किंवा सिटीमॅपर यातलं एक ॲप पुरे. टीएफएल गोमध्ये पायऱ्या नसलेला मार्ग निवडता येतो. गुडघे दुखणाऱ्यांसाठी हे महत्त्वाचं, कारण ट्यूबच्या बहुतेक जुन्या स्टेशनांवर पायऱ्या आहेत. बस मात्र सगळ्या खाली झुकणाऱ्या आणि रॅम्पच्या. शनिवार-रविवारी दुरुस्तीसाठी लायनी बंद असतात, तेव्हा आदल्या रात्री तपासा. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं, डावी बाजू चालणाऱ्यांची.

एक दिवस आपल्या माणसांच्या मागावर

टूरवाले दाखवत नाहीत असा हा दिवस आहे आणि माझ्या मते मराठी माणसाने तो राखून ठेवावाच. सगळा उत्तर-पश्चिम लंडनमध्ये बसतो.

सकाळी बेकरलू लाइनने वॉरिक ॲव्हेन्यूला उतरा. काही मिनिटांवर हाउली प्लेस नावाचा शांत रस्ता आहे. तिथल्या १० क्रमांकाच्या घरावर लोकमान्य टिळकांच्या नावाची पाटी आहे: ते १९१८-१९ मध्ये इथे राहिले. व्हॅलेंटाइन चिरोल या ब्रिटिश पत्रकारावर भरलेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यासाठी ते आले होते आणि तो खटला ते हरले. घर खासगी आहे, फुटपाथवरूनच बघायचं.

मागेच लिटल व्हेनिस लागतं, तिथून रीजंट्स कॅनॉलच्या काठाकाठाने पूर्वेला चालायचं. मध्ये एका बोगद्यापाशी काठ संपतो आणि थोडं रस्त्यावरून जावं लागतं, मग परत पाण्याकाठी. रंगवलेल्या लांबट होड्या, त्यांच्या टपावर कुंड्या, सायकली, रचलेली लाकडं. पुढे रीजंट्स पार्क आणि प्राणिसंग्रहालय. तासाभरात प्रिमरोज हिलपाशी पोचता. टेकडी चढून वर गेलं की सगळं लंडन समोर पसरलेलं दिसतं. डबा इथे उघडा.

टेकडीच्या पलीकडे किंग हेन्रीज रोड. १० क्रमांकाच्या घरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहत होते, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना. महाराष्ट्र सरकारने हे घर विकत घेतलं आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये स्मारक म्हणून त्याचं उद्घाटन झालं. उघडण्याच्या वेळा आधी तपासा. आजूबाजूला माणसं राहतात, तेव्हा दारात मोठ्याने बोलणं, घोळक्याने फोटो काढणं टाळा; शेजाऱ्यांचा स्मारकाला पाठिंबा राहणं आपल्या वागण्यावरही अवलंबून आहे. आत वेळ द्या. एका विद्यार्थ्याची ही जागा होती हे लक्षात घेऊन बघितलं तर खोल्या जास्त बोलतात.

तिथून पाचेक मिनिटांवर चॉक फार्म स्टेशन, नॉर्दर्न लाइन. इथे जरा सांभाळून. नॉर्दर्न लाइनच्या उत्तरेला दोन फांद्या आहेत, एजवेअर आणि हाय बार्नेट, आणि त्या कॅम्डन टाउनला एकत्र येतात. चॉक फार्म एजवेअरच्या फांदीवर, आपल्याला जायचंय दुसरीवर. म्हणून दक्षिणेकडची गाडी धरून एकच स्टेशन, कॅम्डन टाउन. तिथे उतरून उत्तरेकडच्या फलाटांच्या पाट्या शोधा आणि गाडीवर ‘हाय बार्नेट’ किंवा ‘मिल हिल ईस्ट’ लिहिलेलं बघूनच चढा. तिसरं स्टेशन आर्चवे.

आर्चवेहून चढ चढत हायगेटच्या दिशेने क्रॉमवेल ॲव्हेन्यू. चढ नको असेल तर २१० नंबरची बस घ्या. ६५ क्रमांकाचं घर म्हणजे श्यामजी कृष्ण वर्मांनी १९०५ मध्ये भारतीय विद्यार्थ्यांसाठी उघडलेलं इंडिया हाउस. इथे राहिलेल्या विनायक दामोदर सावरकरांच्या नावाची निळी पाटी भिंतीवर आहे. हेही खासगी घर. पुढे सावरकरांना अटक झाली ती मार्च १९१० मध्ये व्हिक्टोरिया स्टेशनवर, आणि त्या स्टेशनातून तुम्ही या सफरीत कधी ना कधी जाणारच.

रविवार असेल आणि कार्यक्रम असेल तर डॉलिस हिल लेनवरच्या महाराष्ट्र मंडळाकडेही जा. १९३२ पासूनची संस्था आहे. गणपतीत गेलात तर आरतीला जागा मिळेल.

ऋतू आणि परतीचा दिवस

जूनमध्ये रात्री सव्वानऊपर्यंत उजेड असतो, डिसेंबरमध्ये चारच्या आतच सूर्य मावळतो. तेवढ्याच पैशांत जूनमध्ये दुप्पट दिवस मिळतो, हे तिकीट काढताना लक्षात ठेवा. ग्रिनिचला जाणार असाल तर वेस्टमिन्स्टरहून बोटीने जा (बोटीचं भाडं दिवसाच्या मर्यादेत धरत नाहीत) आणि परतताना कटी सार्क स्टेशनहून डीएलआरने या. या गाडीला चालकाची केबिन नाही, मुलांना सगळ्यात पुढे बसवा.

खरेदीवर विमानतळावर कर परत मिळेल या हिशोबाने काही घेऊ नका. पर्यटकांसाठीची ती सोय ब्रिटनने २०२१ च्या सुरुवातीला बंद केली. ऑयस्टरमध्ये दहा पौंडांपर्यंत उरले असतील तर स्टेशनवरच्या यंत्रातूनच परत घेता येतात.

परतीच्या दिवशी तिकिटावरचं टर्मिनल बघून मगच गाडीत बसा. पिकॅडिलीची प्रत्येक गाडी हीथ्रोच्या सगळ्या टर्मिनलना जात नाही. काही गाड्या आधी टर्मिनल ४ ला जाऊन मग २-३ ला येतात, काही २-३ करून ५ ला. गाडीच्या पुढे आणि फलाटावरच्या पाटीवर ते लिहिलेलं असतं. चुकीच्या टर्मिनलला पोचलातच तर घाबरू नका, एका टर्मिनलहून दुसऱ्याला रेल्वेने फुकट जाता येतं, पण त्यात अर्धा तास सहज जातो.